घरबसल्या दलाली आणि विक्रीकर

लोणारचे नाव निघाले की यात्रेकरूस दैत्यसूदनाचे मंदिर व गोमुखाची अखंड धार आठवते, आणि शास्त्राच्या अभ्यासकास उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर व त्यातील खारे पाणी आठवते. या क्षेत्राचा तिसरा लौकिक मात्र फारसा कोणाच्या ध्यानी नसतो. तो म्हणजे महसुलाचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने 'ऐन-ए-अकबरी' त वऱ्हाड सुभ्याचे जे वर्णन लिहिले, त्यात मेहकर सरकारातील लोणारची नोंद आहे. ब्राह्मण या स्थानास विष्णुगया म्हणतात असे सांगून लागलीच तो लिहितो की, काच व साबण यांस लागणारी द्रव्ये येथे सापडतात आणि त्यांपासून सरकारास चांगले उत्पन्न होते. तीर्थाचे माहात्म्य आणि खाराचा महसूल या दोहोंची नोंद एकाच दमात व्हावी, यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. जेथे व्यवहार आहे तेथे राजाची दृष्टी पोहोचावयाचीच.

आता तो खाराचा व्यापार राहिला नाही. सरोवर २०२० सालापासून रामसर क्षेत्र म्हणून जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणले जाते. परंतु लोणारसारख्या तालुक्याच्या गावी राहून, दुकान न थाटता, माल न भरता आणि गिऱ्हाइकाचे तोंडही न पाहता द्रव्य मिळविण्याचा एक नवा व्यवसाय सुशिक्षित तरुणांच्या हाती आला आहे. इंटरनेटच्या व्यवहारात त्यास 'अ‍ॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. घरातील वडील मंडळींस तो पुष्कळदा करमणुकीसारखा वाटतो, आणि तरुणांस तो कायद्याच्या कक्षेबाहेरचा वाटतो. दोन्ही समजुती सारख्याच घातक असल्यामुळे या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे अवश्य आहे.

नव्या दलालीचे स्वरूप

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लोणारच्या एका पदवीधराने सरोवर, तेथील मंदिरे व काठावरचे पक्षी यांविषयी मराठीत लेख व चित्रफिती प्रसिद्ध केल्या, आणि त्यांखाली पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीची लिंक दिली. नाशिकच्या एका गृहस्थाने ती लिंक उघडून सहा हजार रुपयांची दुर्बीण मागविली. दुर्बीण विकणारा व्यापारी दिल्लीचा, आणि ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर ही खरेदी झाली तिची कचेरी बंगळुरूस. कंपनीने पाच टक्के दराने तीनशे रुपये कमिशन त्या तरुणाच्या खात्यावर जमा केले. व्यवहार इतकाच, परंतु त्यात चार गावे गुंतली आहेत. विक्री दिल्लीची म्हणावी, की नाशिकची, की बंगळुरूची? आणि लोणारच्या तरुणाने नेमके काय केले?

यातील पहिला भेद नीट ध्यानात धरला पाहिजे. येथे दोन निरनिराळे व्यवहार झाले आहेत. दुर्बिणीची विक्री हा एक. तिच्यावरील वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, दिल्लीच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा व सरकारात भरावयाचा. शिवाय अशा व्यापाऱ्याच्या पैशांतून कंपनीने काही अंश कापून परस्पर सरकारात भरावा, असा नियम १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. तो अंश प्रथम एक टक्का होता, आणि १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का करण्यात आला. लोणारच्या तरुणाशी या कपातीचा संबंध नाही, कारण त्याने दुर्बीण विकलेलीच नाही. त्याने बंगळुरूच्या कंपनीस गिऱ्हाईक मिळवून देण्याची सेवा केली आणि तिचा मोबदला घेतला. हा दुसरा व्यवहार. कायद्याच्या दृष्टीने तो सेवा देणारा व्यावसायिक आहे, आणि त्याची तीनशे रुपयांची प्राप्ती ही बक्षिसी नसून व्यवसायाची उलाढाल आहे.

वऱ्हाडातील जुने अडते

मालाची मालकी आपल्याकडे न घेता केवळ गाठ घालून देणारा मनुष्य वऱ्हाडास नवा नाही. याच बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची कापसाची पेठ एके काळी देशभर विख्यात होती. तिच्यासाठी १८७० साली जलंबहून लोहमार्गाची खास शाखा नेण्यात आली. शेतकरी व खरेदीदार यांच्या दरम्यान अडते, दलाल व मापारी असत, आणि त्यांच्या हातून शेतकऱ्याची जी नागवणूक होई तिला आळा घालण्यासाठी १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजारावर समिती नेमावी आणि दलालाने परवाना घ्यावा, ही व्यवस्था तेव्हापासूनची. पुढे १९४७ साली 'मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा' झाला. त्यातील व्यापाऱ्याच्या व्याख्येत स्वतःसाठी विकणाऱ्याबरोबरच कमिशन घेऊन दुसऱ्यासाठी माल विकणाऱ्याचाही समावेश होता.

विक्री कोणत्या गावची, हा तंटाही जुनाच आहे. कापूस वऱ्हाडात, गिरणी मुंबईस आणि करार तिसऱ्याच ठिकाणी, अशा व्यवहारांवर कोणत्या प्रांताने कर घ्यावा यावरून न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले. अखेर १९५६ साली राज्यघटनेची सहावी दुरुस्ती होऊन केंद्रीय विक्रीकर कायदा करावा लागला. जुना दलाल निदान बाजाराच्या आवारात उभा असे. समितीस तो दिसे, त्याचा परवाना तपासता येई. नवा दलाल आपल्या माजघरात बसलेला असतो, त्याचा मालक दूरच्या शहरी असतो, आणि गिऱ्हाईक कोठलेही असू शकते. म्हणून 'हा मनुष्य उभा कोठे आहे?' असा प्रश्न कायदा त्यास वारंवार विचारतो. त्या प्रश्नाच्या उत्तरावर या व्यवसायाचे सारे बरेवाईट अवलंबून आहे.

अमेरिकेतील धडा

हा प्रश्न प्रथम अमेरिकेत तीव्र झाला. तेथे विक्रीकर हा एकेका राज्याचा विषय आहे. ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, गुदाम किंवा नोकर नाही, त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती राज्याने करू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली क्विल कंपनीच्या खटल्यात दिला होता. इंटरनेटवरील विक्री वाढली तसे या निर्णयामुळे राज्यांचे उत्पन्न बुडू लागले. तेव्हा २००८ साली न्यूयॉर्क राज्याने एक तोड काढली. राज्यातील रहिवासी कमिशन घेऊन आपल्या पानावर एखाद्या दूरच्या विक्रेत्याची लिंक देत असतील आणि अशा लिंकांतून वर्षास दहा हजार डॉलरांहून अधिक विक्री होत असेल, तर तो विक्रेता राज्यात हजर आहे असे मानावे, असा कायदा त्या राज्याने केला. म्हणजे घरी बसून लिंक देणारी गृहिणी किंवा विद्यार्थी त्या बड्या कंपनीचे राज्यातील पाऊल ठरला.

न्यूयॉर्कचे पाहून इतर राज्यांनीही तसेच कायदे केले. त्यांचा रोख होता बड्या कंपन्यांवर, पण घाव बसला लहानांवर. अ‍ॅमेझॉन कंपनीने न्यूयॉर्कमध्ये कर गोळा करीत राहून न्यायालयात दाद मागितली. मात्र २००९ साली नॉर्थ कॅरोलायना व ऱ्होड आयलंड येथील आणि २०११ साली इलिनॉय व कॅलिफोर्निया येथील आपल्या सर्व कमिशनदारांशी असलेले करार तिने एकदम तोडले. दलालच उरला नाही म्हणजे पाऊलही उरले नाही, असा तिचा हिशेब. कॅलिफोर्नियात सरकारशी तडजोड होऊन त्याच वर्षी करार पुन्हा सुरू झाले; परंतु ज्यांचा संसार या प्राप्तीवर चालत होता त्यांस मध्यंतरी बिऱ्हाड हलविण्याचा किंवा धंदा बदलण्याचा विचार करावा लागला. इलिनॉयचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रद्द केला, तर न्यूयॉर्कचा कायदा त्याच वर्षी तेथील वरिष्ठ न्यायालयाने ग्राह्य धरला. शेवटी २१ जून २०१८ रोजी साऊथ डाकोटा राज्य विरुद्ध वेफेअर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा निर्णयच फिरविला. राज्यातील विक्री पुरेशी मोठी असेल तर प्रत्यक्ष हजेरीवाचूनही कर गोळा करण्याची सक्ती करता येते, असे ठरले. त्यानंतर दलालाच्या पत्त्याचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. पण त्या दहा वर्षांत ज्यांची प्राप्ती बुडाली त्यांस ती कोणी भरून दिली नाही.

आपल्याकडील कायदा

आपल्या देशात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी सुरू झाल्यामुळे अमेरिकेसारखी राज्याराज्यांची ओढाताण टळली, ही समाधानाची गोष्ट आहे. कर जेथे उपभोग तेथे जातो, आणि कोणत्याही राज्यास दुसऱ्या राज्यातील दलालावर रोष धरण्याचे प्रयोजन उरत नाही. असे असूनही प्रारंभी एक मोठी अडचण होती. परराज्यातील गिऱ्हाइकास सेवा देणाऱ्याने पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी, असे मूळ कायद्यात होते. त्या शब्दांप्रमाणे पाहिले तर बंगळुरूच्या कंपनीकडून तीनशे रुपये घेणाऱ्या लोणारच्या तरुणासही नोंदणी करणे, महिन्याची विवरणपत्रे भरणे व अठरा टक्के कर देणे भाग होते. आणि शेजारच्या शिकवणीच्या वर्गास मात्र वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत कसलाही उपद्रव नव्हता. जीएसटी परिषदेने ६ ऑक्टोबर २०१७ च्या बैठकीत ही विसंगती दूर करण्याचे ठरविले आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेस तशी अधिसूचना निघाली. तेव्हापासून परराज्यास सेवा देणाऱ्यासही वार्षिक वीस लाखांची सूट आहे. आपल्या उदाहरणातील तरुणास ही मर्यादा गाठावयास वर्षभरात ६,६६७ दुर्बिणी खपवाव्या लागतील!

तरी निश्चिंत राहू नये. वीस लाखांची उलाढाल एकट्या कमिशनाची मोजावयाची नसते. एका पॅनवर होणारे सारे व्यवसाय त्यात येतात. समजा, कमिशनाचे चौदा लाख आणि त्याच माणसाच्या शिकवणीच्या वर्गाचे सात लाख झाले, तर बेरीज एकवीस लाख होते आणि तीस दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ही गोष्ट दोन वर्षांनी उमगली, तर मधल्या काळाचा कर आणि त्यावर सालीना अठरा टक्के व्याज एकदम अंगावर येते.

नोंदणी झाल्यानंतरचा मुख्य प्रश्न असा की, कर सोसावयाचा कोणी? करारात कमिशन अधिक कर असे शब्द असतील, तर दलालाने एक लाखाच्या बिलावर अठरा हजार निराळे मागावे. कंपनी ते देते व आपल्या कराच्या देण्यातून वळते करून घेते. कोणाचेच नुकसान होत नाही. पण करारात कमिशन करासह असेल, तर हाती आलेल्या एक लाखातूनच कर द्यावा लागतो, आणि तो १५,२५४ रुपये होतो. संकेतस्थळांचे करार इंग्रजीत व लांबलचक असल्यामुळे हे दोन शब्द कोणी वाचीत नाही. आणि नफ्याचा सातवा हिस्सा त्यांत जातो.

लहान व्यावसायिकांसाठी केलेल्या सवलतीही या दलालास बहुधा लाभत नाहीत. पन्नास लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या सेवा व्यावसायिकाने सहा टक्के कर देऊन मोकळे व्हावे, अशी सोय २०१९ साली झाली; परंतु परराज्यास सेवा देणाऱ्यास ती मिळत नाही, आणि दलालाचा मालक तर प्रायः परराज्यातलाच. प्राप्तिकरात लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा धरून सुटसुटीत विवरणपत्र भरता येते. त्या सवलतीतूनही दलाली व कमिशन यांवर चालणारे उत्पन्न वगळले आहे. या साऱ्या सोयी एका गावी दुकान मांडून बसलेल्या व्यापाऱ्यास डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत. ज्याचे दुकानच नाही त्याचा विचार त्या करताना झालेला दिसत नाही.

परदेशी कमिशनाचा तंटा

कमिशन परदेशातील कंपनीकडून येत असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. सामान्यतः परदेशी गिऱ्हाइकास दिलेली सेवा ही निर्यात होय आणि निर्यातीवर कर नसतो. परंतु एकात्मिक जीएसटी कायद्याच्या तेराव्या कलमात असे एक पोटकलम घालण्यात आले की, मध्यस्थाच्या सेवेचे स्थान तो मध्यस्थ स्वतः जेथे असेल तेच समजावे. म्हणजे लोणारात बसून परदेशच्या कंपनीस गिऱ्हाइके मिळवून देणाऱ्याची सेवा लोणारातच संपली, निर्यात झालीच नाही, असा त्याचा अर्थ. परदेशी कंपनीस येथील कर वळता करून घेता येत नाही. त्यामुळे ती तो देत नसे, आणि नोंदणीकृत दलालास अठरा टक्के स्वतःच्या पदरचे घालावे लागत. ज्याच्या पानावर केवळ जाहिरात झळकते तो मध्यस्थ, की जो विक्री जुळवून देतो तोच मध्यस्थ, यावरही पुष्कळ वाद झाला. २० सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळास या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणारे परिपत्रक काढावे लागले.

या कलमाविरुद्धची झुंज आपल्या मुंबई उच्च न्यायालयातच झाली. परदेशी कंपन्यांसाठी कमिशनवर काम करणाऱ्या मुंबईच्या एका पेढीने त्याच्या वैधतेस आव्हान दिले. जून २०२१ मध्ये न्या. उज्जल भुयान यांनी ते कलम घटनाबाह्य ठरविले, तर त्याच खंडपीठातील न्या. अभय आहुजा यांनी ते वैध ठरविले. मतभेदामुळे प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. जी. एस. कुलकर्णी यांच्याकडे गेले. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी असा अभिप्राय दिला की, कलम वैध आहे, पण त्याचा उपयोग एकात्मिक कायद्यापुरताच करावा. केंद्र व राज्य यांच्या अंतर्गत जीएसटीच्या आकारणीसाठी त्याचा आधार घेता येणार नाही. एवढ्या काथ्याकुटानंतर, ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ते पोटकलमच वगळण्याची शिफारस केली. ही शिफारस न्याय्य होती यात शंका नाही. मात्र ज्या काळाची पावती त्या काळचा कायदा, हे तत्त्व विसरून चालत नाही; मागील वर्षांची परदेशी कमिशने ज्यांनी घेतली आहेत, त्यांनी आपल्या सीएस ते कागद अवश्य दाखवावेत.

घरातील मंडळींनी काय करावे

एकत्र कुटुंबात या विषयाचे आणखी एक अंग आहे. मुलाने किंवा सुनेने मिळविलेले कमिशन कर्त्या पुरुषाच्या खात्यावर घेण्याची पद्धत काही घरांत दिसते. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. उलाढाल ज्याच्या पॅनवर त्याची, हा कराचा नियम. त्यामुळे कर्त्याच्या दुकानाची किंवा वर्गाची उलाढाल विनाकारण फुगते. उलटपक्षी, एकाच माणसाचा धंदा केवळ मर्यादा चुकविण्यासाठी चार नावांवर विभागणे हेही गैर होय. ज्याचे श्रम त्याचे उत्पन्न, हे सरळ धोरण ठेवावे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीने १९३० साली जो विद्याधनाचा कायदा झाला, त्याने एकत्र कुटुंबातील व्यक्तीने विद्येच्या बळावर मिळविलेले धन, ती विद्या कुटुंबाच्या खर्चाने संपादन केलेली असली तरी, त्या व्यक्तीचेच असते हे निश्चित केले. आजच्या या व्यवसायास तेच तत्त्व शोभते. घरखर्चास प्रत्येकाने हातभार लावावा. हिशेब मात्र स्वतंत्र असावा.

दुसरी गोष्ट, जीएसटीची सूट म्हणजे प्राप्तिकराची सूट नव्हे. कमिशन देणारी कंपनी ठराविक रकमेपुढे प्राप्तिकर आधीच कापून घेते. या कपातीचा दर पूर्वी पाच टक्के होता, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के झाला. आणि कपातीची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून पंधरा हजारांवरून वीस हजारांवर नेण्यात आली. कापलेली रक्कम खात्याच्या दप्तरी त्या व्यक्तीच्या नावे नोंदली जाते. विवरणपत्र न भरणाऱ्याचे उत्पन्न लपत तर नाहीच, पण परत मिळण्याजोगा पैसाही तो गमावून बसतो.

तिसरी गोष्ट वहीची. खामगावच्या पेठेतील अडत्या रोजकीर्द लिहिल्यावाचून दुकान बंद करीत नसे. त्याच्या नव्या वारसानेही कोणत्या कंपनीकडून, कोणत्या महिन्यात, किती कमिशन आले, किती कपात झाली, कंपनी देशी की परदेशी, आणि इंटरनेट, यंत्रे व प्रवास यांवर आपला काय खर्च झाला, हे महिन्याच्या महिन्यास लिहून ठेवावे. करारपत्राची प्रत जपावी, आणि त्यातील कराचे वाक्य सहीपूर्वी वाचावे. एवढ्याने निम्म्याहून अधिक संकटे टळतील.

राज्यकर्त्यांकडे मागावयाचे तेही फार नाही. वीस लाखांच्या आतील माणसास सूट आहेच. तिच्या किंचित वर चढलेल्या दलालास, त्याचा मालक परराज्यातला आहे एवढ्याच कारणाने, सहा टक्क्यांच्या सोयीस मुकावे लागू नये; आणि मध्यस्थ कोणास म्हणावे हे सामान्य माणसास कळेल अशा भाषेत एकदा सांगितले जावे. ज्या व्यवसायामुळे शिकलेल्या मुलास किंवा सुनेस पुण्यामुंबईची वाट न धरता आपल्या गावी, आपल्या माणसांत राहून चार पैसे मिळविता येतात, तो व्यवसाय लोणारसारख्या गावांस उपकारक आहे. त्याने कर द्यावा, अवश्य द्यावा. पण तो किती, कोठे आणि केव्हा द्यावयाचा हे त्यास आधी कळले पाहिजे. आणि ते त्यास कळेपर्यंत, त्याच्या वहीवर नजर ठेवण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांनी आपलेपणाने करावे.